कराटे येतं, मंग भ्याचं कायले? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाही पट्ट्यात आम्ही शाळेच्या मैदानावर कराटे आणि लाठी शिकवतो. पोरांचे आईबाप, कधी पोरं स्वतः, कधी रस्त्याने जाणारे म्हातारे हे प्रश्न विचारतात. ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

पोट्टा दोन वर्षांपासून कराटे शिकून राहिला जी. आता त्याले कोणाले भ्याची गरज नाही ना?

आहे. उलट आता पहिल्या वर्षापेक्षा जास्त लक्ष ठेवा. नवशिक्याला आपल्याला काही येत नाही हे ठाऊक असतं, म्हणून तो गुमान वाट सोडतो. तपकिरी पट्ट्याचा, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या आधीच्या पायरीचा, पोरगा वाट सोडत नाही. माघार घेतली तर पट्ट्याची इज्जत गेली, असं त्याला वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी जवळजवळ सगळ्या याच टप्प्यातल्या पोरांच्या असतात.

ओकिनावात जन्मलेल्या गिचिन फुनाकोशींनी (१८६८-१९५७) कराटे जपानच्या मुख्य बेटावर नेऊन रुजवलं. त्यांनी शिष्यांसाठी वीस सूत्रं सांगून ठेवली. कराटेत पहिला वार नसतो, हे त्यातलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं आणि ते वर्गांच्या भिंतींवर रंगवलेलंही दिसतं. त्याच यादीतली दोन सूत्रं मात्र कोणी रंगवत नाही. एक, संकट गाफीलपणातून येतं. दुसरं, घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की लाखो शत्रू समोर आहेत असं समजून चाला. आता हा शत्रू माणूसच असेल असं थोडंच आहे? आपल्या भागात तो बहुतेक वेळा माणूस नसतोच. मागचा दिवा नसलेली ट्रॉली असते, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, करंटची तार असते, तुरीतला वाघ असतो. त्यांच्यापुढे पट्ट्याचा रंग चालत नाही.

मग शिकून फायदा तरी काय?

पुष्कळ आहे, पण तुम्ही समजता तो नाही. लाथा-बुक्क्यांचा उपयोग गावात राहणाऱ्या माणसाला आयुष्यात एखाद्या वेळी होईल, कदाचित कधीच नाही. रोज उपयोगी पडतात त्या तीन गोष्टी: पडणं, अंतर राखणं आणि आजूबाजूला बघणं.

पडण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं आमची याच्यावरून होतात. सुरुवातीचे कितीतरी दिवस आम्ही पोरांना नुसतं पाडतो. मागे, बाजूला, पुढे गोळा होऊन. एका वडिलांनी विचारलंच, "गुरुजी, पडाची फी देऊन राहिलो का मी?" होय, त्याचीच देता. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा काढून ज्यूदो उभं केलं, तेव्हापासून तिथे शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच आहे. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. हात ताठ करून जमिनीवर टेकवायचा नाही, म्हणजे मनगट आणि गळ्याजवळचं हाड वाचतं. श्वास सोडायचा. चिखलाच्या बांधावरून पाय घसरतो, शेणाने सारवलेल्या अंगणात, मोरीत, बैलाने झटका दिल्यावर माणूस पडतो. तेव्हा विचार करायला वेळ नसतो, शरीराला जी सवय आहे तेच ते करतं. वर्गात येणाऱ्या एका मुलीची आजी पडण्याचा सराव बघून बघून घरच्या गादीवर शिकली. सांधे धड असतील तर त्या वयातही हे शिकता येतं, फक्त हळू आणि कोणीतरी धरून.

याला मर्यादा आहे. साठच्या वेगाने धावणाऱ्या गाडीवरून पडताना कोणतीही कोलांटी वाचवत नाही. तिथे हेल्मेटच लागतं, आणि ते टाकीवर नाही, डोक्यावर.

अंतर म्हणजे किती?

समोरचा जागेवरून न हलता तुम्हाला हात लावू शकणार नाही, एवढं. त्याच्या हातात काठी असेल तर तेवढी काठी त्यात मिळवा. कुस्तीवाल्या पोरांना हे जड जातं. त्यांची सगळी विद्या अंगाला अंग लागल्यावर सुरू होते. लाठीवाल्यांना ते लगेच कळतं.

अंतराचा दुसरा अर्थ वेळ. ताशी ६० किलोमीटर वेगाने फटफटी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. म्हणजे पुढे काही दिसलं आणि ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तुम्ही १७ मीटर पुढे पोचलेले असता, तेही ब्रेक लागायच्या आधी. कापसाच्या हंगामात अंधारात जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो ना लाल पट्टी. तिथे जो पोरगा हेडलाइटच्या उजेडाच्या पुढे पळतो, त्याला वर्गात कितीही चपळ म्हणा, तो अंतर शिकलेला नाही.

पानठेल्यावर एखादा पिऊन अंगावर आला तर?

निघून जा. "घाबरला बे!" असं मागून कोणी म्हणालं तर म्हणू द्या.

निघता येत नसेल तर दोन्ही हात छातीपुढे मोकळे, तळवे समोर. बघणाऱ्याला ते हात जोडल्यासारखे, समजावल्यासारखे दिसतात आणि तुमच्यासाठी ते बचावाच्या जागेवर असतात. पाय थोडे तिरपे. पाठ भिंतीला नको, गाडीच्या बाजूलाही अडकू नका, बाहेर पडायची वाट तुमच्या बाजूला ठेवा. आवाज चढवू नका. त्याचं नाव माहीत असेल तर नाव घेऊन बोला. भाऊ, काका, जे नातं लागतं ते लावा. गावातला माणूस नात्याने हाक मारली की पुष्कळदा अर्धा खाली उतरतो. त्याला चार लोकांसमोर खाली पाहावं लागेल असं काही बोलू नका, कारण पिलेल्याला मार विसरायला होतो, अपमान नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. तेव्हाही हा प्रश्न लोक विचारत होते, आताही विचारतात.

भांडण सोडवायला मध्ये पडावं का? कराटेवाल्यानं बघत उभं राहाचं का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात अवघड वाटतो. गावात भांडणारे दोघेही ओळखीचे असतात. तुम्ही मध्ये गेला नाहीत तर उद्या तोंड दाखवायची पंचाईत.

धुऱ्यावरचं भांडण मात्र वेगळं समजा. पेरणीच्या आधी, जून महिन्यात, धुरा कोणी किती कोरला यावरून डोकी फुटतात. तिथे प्रत्येकाच्या हातात आधीच काहीतरी असतं: विळा, कुऱ्हाड, पावडं, उभारी. ती मारायला आणलेली नसतात, कामाला आणलेली असतात, पण हातात असतात. अशा ठिकाणी मध्ये उभा राहणारा माणूस दोन्हीकडचा वार खातो. लांबून ओरडा, दोन्ही घरच्या बायका-म्हाताऱ्यांना बोलवा, पोलीस पाटलांना आणि ११२ ला फोन करा. वेगळं करायचंच असेल तर एकट्याने नाही. दोघा-तिघांनी मिळून एकाच बाजूच्या माणसाला मागून घेरून दूर न्यावं, आणि आधी ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला नव्हे, तर जो ऐकण्याच्या मनःस्थितीत आहे त्याला. तो गेला की दुसरा एकटा कोणाशी भांडणार?

पोळ्याला, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) किंवा आमदंगलीत (खुल्या कुस्त्यांत) गर्दीची ढकलाढकल सुरू झाली तर सोडवायला जाण्यात अर्थ नाही. लहान पोरं घ्या आणि कडेने बाहेर पडा.

स्वतःच्या बचावात समोरच्याला लागलं तर केस होते का?

तक्रार होऊ शकते. पण बचावाचा हक्क कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. आधी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होतं. पोरांनी त्यातल्या दोन अटी नीट समजून घ्याव्यात. बचावाला गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हातात असेल तर हा हक्क सांगता येत नाही. समोरचा पळाला, पडला किंवा त्याने हात वर केले की धोका संपला. त्यानंतर मारलेली लाथ बचावात बसत नाही. सरावात आम्ही म्हणूनच पाडल्यावर मागे सरायला लावतो, वरून ठोसा मारायला नाही.

काळा पट्टा मिळाला की हात पोलीस ठाण्यात शस्त्र म्हणून नोंदवावे लागतात म्हणे?

नाही. असा कायदा नाही. ही अफवा दर वर्षी नव्याने येते आणि ती पसरवणारे बहुतेक काळ्या पट्ट्याचेच पोट्टे असतात.

वाघ समोर आला तर कोणता डाव?

कोणताच नाही. हसू नका, हा प्रश्न पोरं खरंच मनापासून विचारतात.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभाग यांच्या मधल्या गावांत वाघ फक्त जंगलात राहत नाही. तो तुरीत, धानाच्या बांधाला, नाल्यातल्या झुडपात असतो. त्याचा हल्ला बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने येतो, आणि समोर उभं राहून घेतलेला कराटेचा पवित्रा तिथे निरुपयोगी आहे. सुंदरबनात १९८० च्या दशकात लाकूडतोडे, मध गोळा करणारे लोक डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधून जायचे, ते यासाठीच.

सगळ्यात धोक्याची स्थिती म्हणजे वाकलेली किंवा उकिडवी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचताना, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना, निंदताना, लोटा घेऊन बसताना माणूस बुटका होतो आणि त्याची नजर जमिनीवर असते. म्हणून घोळक्याने जा आणि वेचणाऱ्यांत एक जण नेहमी उभा, बघत आणि बोलत राहील असं करा. पाळीपाळीने. मोहफुलं पहाटेच पडतात हे खरं, पण उजाडेपर्यंत थांबलं तर फुलं कुठे पळून जात नाहीत. फार तर ढोरं थोडी खातील.

वाघ दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, बसू नका. ताठ उभे राहा, हात किंवा टॉवेल वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोला आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरा. बछडे दिसले तर फोटो काढत बसू नका, आई जवळच असते. अस्वलाचं जरा वेगळं. मोहाच्या झाडाखाली तेही येतं, फुलं त्याच्या आवडीची. ते अचानक जवळ भेटलं की तोंडावर आणि डोक्यावर झडप घालतं. त्याच्यापासूनही पळू नका. अंगावर आलंच तर पालथे पडा, बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी चेहरा झाका. पडण्याचा सराव इथे पुन्हा कामी येतो.

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.

आमचा पोट्टा लई चपळ हाय. साप पकडाले शिकू द्यावं का?

नको. माणसाला काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद लागतो. सापाचा फटका त्याच्या निम्म्याहून कमी वेळात पूर्ण होतो. म्हणजे तुम्हाला तो दिसेपर्यंत चावून झालेलं असतं. चपळाई इथे मोजण्यातच येत नाही, येतं ते अंतर. रात्री पाणी द्यायला जाताना टॉर्च, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि पुढे टेकत जायला काठी. लाकडाच्या ढिगात, कुटाराच्या गंजीत हात घालण्याआधी काठी घाला.

मण्यार जास्त करून रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश बहुधा दुखतच नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटतं पित्त झालं. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलं तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. हातपाय हलणार नाही असा ठेवून थेट ग्रामीण रुग्णालयात न्या, प्रतिविष तिथे मिळतं.

विजेचं काय? वाघासमोर उभं राहा म्हणता, विजेत बसा म्हणता!

दोन्ही बरोबर आहे, आणि होय, गोंधळ होतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, टिनाच्या उघड्या शेडमध्ये नाही. अगदी उघड्या वावरात सापडलात तर विळा-पावडं दूर टाकून दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा.

कोणी विहिरीत पडलं, करंट लागला, तर शिकलेल्यानं उडी माराले पाहिजे ना?

शिकलेल्या पोरांचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. ताकद आहे, हिंमत आहे, लोक बघत आहेत. एकाला काढायला गेलेला दुसरा मरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा.

पाण्यात पडलेल्याकडे दोर, लुगडं, रिकामी घट्ट बंद कॅन फेका. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि ती मिठी कोणत्याही डावाने सहज सुटत नाही. बंद पडलेल्या, जुन्या विहिरीत गाळ काढायला किंवा डिझेल पंपाजवळ उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर तिथे वायू साचला आहे असं समजा. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर माणसं असल्याशिवाय उतरू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पावसाळ्यात वैनगंगेच्या काठी, नाल्यांवर दर वर्षी गाड्या वाहून जातात. पाणी गुडघाभर असलं तरी त्याचा जोर पायाखालची जमीन काढून घेतो.

करंटचं सांगतो तेव्हा लोक खाली बघतात, कारण आपल्याकडे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला कुंपणाला थेट लाईन जोडणारे आहेत. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसं मरतात. पुष्कळदा शेजारी, कधी स्वतःच्याच घरचं. झटका मशीन वेगळं, त्याचा धक्का क्षणभराचा असतो. रात्री जागलीला जाताना दुसऱ्याच्या वावरातून आडवी वाट काढू नका. कोणी तारेला चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका, आधी लाईन बंद.

शरीर कमावलं की ऊन, फवारणी सहन होते ना?

नाही होत. कमावलेल्या शरीराचा माज मात्र चढतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती आणि फवारा थेट तोंडावर यायचा. विषाला दंडाचा घेर दिसत नाही. वारा पाठीकडून घ्या, तोंड-अंग झाका, उपाशीपोटी फवारू नका, तंबाखू खायच्या आधी हात धुवा.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. आम्ही सकाळी साडेसातला मैदान सोडतो. "सहन कर" असं ओरडून पोरांना उन्हात पळवणारा शिक्षक दिसला तर पोराला घरी घेऊन या, आमच्या वर्गातला असला तरी.

कोणती कला शिकावी? कराटे का कुस्ती?

जिथे शिकवणारा चांगला आहे ती. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. त्यामुळे आपल्याकडे आखाडा आहे, लाठी आहे, मल्लखांब आहे. नुसत्या परदेशी नावामागे धावायची गरज नाही.

पोरीले एकटीले एसटीनं शाळेत जावं लागते. तिले काय शिकवता?

हात धरला तर अंगठ्याच्या बाजूने सोडवायला. मोठ्याने ओरडायला; हे हात सोडवण्यापेक्षा अवघड आहे, कारण घरी आपण पोरींना हळू बोलायला लावतो. गाडीत कंडक्टरजवळच्या सीटवर बसायला. कानात इअरफोन एकाच बाजूला, तोही गाडीत, रस्त्यावर नाही.

पण त्रास देणारा अनोळखीच असतो असं नाही. नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा, आमच्यासारखा क्रीडाशिक्षकही असू शकतो. म्हणून आमच्या वर्गात कोणत्याही मुलीला एकटीला थांबवत नाही आणि आई-आजींपैकी कोणीही कधीही येऊन बसू शकते. मुलगी काही सांगू लागली तर आधी "तू तिकडे कायले गेली?" हे विचारू नका. तो एक प्रश्न पुढचं सगळं बोलणं बंद करतो.

चाकूचा बचाव शिकवता का?

रबरी चाकूला गेरू लावून पांढऱ्या शर्टावर सराव करतो. डाग किती लागले ते पोरं स्वतःच मोजतात, आणि मग चाकू हिसकावण्याचे व्हिडिओ दाखवायला येत नाहीत. त्यानंतरचा सराव पळण्याचा.

फोनमध्ये कोणते नंबर ठेवावे?

११२ पोलीस आणि इतर आणीबाणीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १९२६ वन विभाग, १८१ महिलांसाठी, १०९८ लहान मुलांसाठी. त्याशिवाय गावच्या लाईनमनचा, पोलीस पाटलांचा आणि रात्री-अपरात्री गाडी काढेल अशा एका शेजाऱ्याचा. हे तिन्ही कागदावर लिहून दाराच्या मागेही चिकटवा. रेंज गेली की कुठल्या टेकाडावर फोन लागतो हे घरातल्या लहान पोराला नेऊन दाखवा.